सहीचा रकाना

प्रिय पोरी,

पत्र लिहायची मला सवय नाही. फोन केला असता, पण तू मध्येच बोलतेस. कागद मध्येच बोलत नाही, म्हणून लिहितोय.

विद्यापीठाच्या त्या मोठ्या मीटिंगमध्ये काय झालं ते सगळं कळलं मला. तू कसली सांगतेस, चहा नेणाऱ्या आपल्या लंबूनं सांगितलं. इंजिनिअरिंगच्या पोरांचे वर्कशॉपचे तास वाढवायचे, याला म्हणे कुणाचीच ना नव्हती. पण जो शिकवतो त्यानंच पास-नापासची सही करायची, आणि त्या सहीशिवाय पदवी नाही, हे तू मांडलंस आणि तिथं घोडं पेंड खायला लागलं. कुणीतरी म्हणालं, सातवी शिकलेला मिस्त्री पदवीच्या कागदावर सही करणार का? आता त्यात चूक काय बोलला तो? सातवीच शिकलोय मी. तीही गणितात ढकलपास.

लंबू म्हणतो, तू आवाजसुद्धा चढवला नाहीस. बसल्या जागेवरून म्हणालीस, "माझा लोखंडाचा ठोकळा मिस्त्रींनी चार वेळा परत केला. ज्या सरांनी सही केली, त्यांनी तो बघितलाही नव्हता. मग मला पास कुणी केलं?" लंबू कप गोळा करायचे सोडून तिथंच उभा राहिला. मग एकेक हात वर गेला आणि ठराव मंजूर.

एकतीस वर्षं, पोरी. मी शिकवायचं, आणि वर्षाच्या शेवटी सरांनी येऊन उभ्याउभ्या रजिस्टरभर सह्या ठोकायच्या. वाईट माणसं नव्हती ती. लोखंड घासायची कानस कुठल्या बाजूनं धरतात ते ठाऊक नव्हतं, एवढंच. एका वर्षी तर कॉलेज सोडून गेलेला पोरगाही पास झाला. मी बोललो नाही. मला रकानाच नव्हता.

नवं रजिस्टर आलं तेव्हा जुन्या ड्रॉइंगच्या पाठीमागं सही गिरवून बघितली. तुझी काकू म्हणाली, लग्नाच्या वेळी एवढी तयारी केली नव्हती. हसू दे तिला. आभार वगैरे मला मानता येत नाहीत. पण त्या दिवशी घरी येताना सायकल चालवायची विसरून हातात धरून चालत आलो, यावरून काय ते समज.

आता कामाचं. पहिल्या तुकडीची तपासणी परवा झाली. तुझी लेक त्याच तुकडीत आहे हे तिनं सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. पण कानस धरायची ढब लपते होय? मान डावीकडं, जीभ दाताखाली, थेट तुझ्यासारखी. तिच्या ठोकळ्याला काटकोन तपासायचा गुण्या लावून खिडकीपाशी धरला. एका कोपऱ्यातून उजेड आला. केसाएवढा असेल, पण आला. बाकी सदतीस जणांच्या नावापुढं सही केली, तिचा रकाना कोरा ठेवला.

खोटं कशाला बोलू, पेन टेकलं होतं. जिनं हा रकाना मिळवून दिला तिचीच लेक, म्हटलं होऊन जाऊ दे. मग वाटलं, एवढं करायचं तर जुने सर काय वाईट होते? खिडकीत तुझा ठोकळा आहे अजून, तो पाचव्या खेपेला जमलेला. कागद उडू नयेत म्हणून ठेवतो. तो तिच्या हातात दिला. कुणाचा ते सांगितलं नाही. तिनं गुण्या लावून उजेडाला धरला, बराच वेळ बघितलं, आणि आपला ठोकळा पुन्हा बाकावरच्या शेगड्यात आवळून कानस उचलली.

तिच्याकडून कळायच्या आत माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहिलं. तू कुणाला फोन करणार नाहीस, मला माहीत आहे. तरी करू नकोस. सुट्टीत आठ दिवस तिला इकडं धाड, सकाळी लवकर, डबा घेऊन. तोवर तिच्या नावापुढची जागा मी कुणाला भरू देत नाही.

तुझाच,
मिस्त्रीकाका