दुकानाच्या काचेतलं कासव

सुमीचे बाबा,

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. आजवर एक ओळ लिहिली न्हाई, कारण लिहायला बसलं की हात दुखतो आन् राग येतो. पण आज तुमच्याशी बोलल्याबिगर भागायचं न्हाई.

आपल्या बंद स्टुडिओशेजारी क्लास हाय ना, त्याचे सर सकाळी आले. "मावशी, दुकान भाड्यानं घेतो. फक्त काचेतलं ते कासव काढा. तिथं आमच्या नंबर आलेल्या पोरांचे फोटू लावायचेत." मी म्हणलं, "काढते की! न्हाईतरी काळाकुट्ट फोटू, कुणाला कळतोय?"

खोटं कशाला बोलू? त्या फोटूवर माझा पहिल्यापासून दात होता. बाकीच्या स्टुडिओंच्या काचेत नवऱ्या मुली, आपल्या काचेत कासव! ऐन लग्नसराईत कुलूप लावून तुम्ही कोकणात जायचात, समुद्राकाठी वाळूत पालथे पडायचात. एकदा तर हा एकच फोटू घेऊन आलात. मी म्हणलं, "फ्लॅश काय घरी विसरला होता?"

"फ्लॅश मारला की पिल्लं समुद्राची वाट चुकतात, कमल. नवरी-नवरदेव न्हाईत ते, इकडं बघा म्हणायला."

"मग अक्षता तरी टाकून यायच्या!"

किती हसलात तुम्ही.

आज दुपारी स्टुलावर चढून फोटू उतरवला. धूळ पुसली. एवढ्या वर्षांत इतक्या जवळून कधी बघितलाच न्हवता हो! वाळू फुटलेली, त्यातून बोटाएवढं डोकं वर आलेलं, आन् डोळा टक्क उघडा.

मग भूकंपातले ते दिवस आठवले. मयतांची ओळख पटावी म्हणून फोटू काढायला तुम्हाला गावोगाव नेलं होतं. घरी आलात ते जेवेनात. मी वरडले, तवा एवढंच बोललात, "मातीतून इतके काढले गं, एकाचाबी डोळा उघडा न्हवता." आन् मी काय म्हणलं? "झालं ते झालं. उद्या बारशाची ऑर्डर हाय."

पुढच्याच शिमग्याला तुम्ही पहिल्यांदा समुद्रावर गेलात.

मला नीट सांगायचं तरी! का मी ऐकून घेणारी न्हवते? न्हवतेच.

संध्याकाळी सर किल्ली मागायला आले. म्हणलं, "कासव हलायचं न्हाई. पोरांचे फोटू शटरवर लावा, न्हाईतर दुसरं दुकान बघा." तोंड वाकडं करून गेले. बघतील दुसरं. बघू देत.

शब्द देते तुम्हाला. येणारे-जाणारे विचारायचे, "हे काय हाय?" तर मी "आमच्या ह्यांचं येड" म्हणून उडवून लावायची. आता दारात उभी राहून सांगीन, हे पिल्लू वाळूखालून जित्तं वर आलं, आन् आमच्या ह्यांनी ते बघितलं.

तुमची,
कमल