पानफुटीचा चिकटा

॥ शंभो महादेव ॥

मुक्काम सेलू, ४ बहमन १३५३ फसली

वालूरचे किराणा दुकानदार, आमचे थोरले मेव्हणे ती. मन्मथअप्पा यांना मल्लिकार्जुन घड्याळजीचे शरणु शरणार्थी. तुमचा गुडघा, म्हैस आणि दुकान ही तिन्ही ठीक चालत असावीत. इकडे माझी तबियत पत्रात लिहितात तितपत बरी आहे. तुमच्या मातोश्री, म्हणजे आमच्या मामी, आज बावीस दिवस तुमच्याकडे आहेत. त्यांनी काय सांगितलं असेल ते मला इथं बसून मालूम आहे. पण त्या कुठलीही गोष्ट क्रमानं सांगत नाहीत, म्हणून हा मजकूर.

खिडकीतली पानफुटी तुम्ही पाहिलेली आहे. तुमच्या बहिणीनं, महानंदानं, सहा वर्षांपूर्वी एक पान तेलाच्या डब्यातल्या मातीवर नुसतं ठेवलं आणि त्याच्या कडेला रोपं फुटली, तेच हे झाड. ती श्रावणात गेली (तापाचा नववा दिवस, दुपारी चार वाजून दहा मिनिटं, घड्याळ माझ्या हातचं, चूक नाही), तेव्हा त्याला एकसष्ट पानं होती. मामी माझं घर सांभाळायला आल्या आणि त्यांनी झाडही सांभाळलं. कार्तिकात पानं चिकट झाली. बोट लावलं की काकवी लागल्यागत, आणि खाली फरशीवर बारीक थेंब. मी कुणाचा शागीर्द नाही. मोडकी अकरा घड्याळं उघडून विद्या कमावलेला माणूस. कारण हुडकल्याशिवाय मला घास उतरत नाही. दर सोमवारी मामी लिंगपूजेचं तीर्थ, दूधसाखरेसकट, पायदळी येऊ नये म्हणून त्या डब्यात घालायच्या. तीच साखर मुळातून वर चढते आणि पानातून पाझरते, असा मी निष्कर्ष काढला. (तेव्हा तो मला फार देखणा वाटला होता.) आणि तो शेजारच्या कडूबाईंच्या देखत बोलून बसलो.

मामी म्हणाल्या, "जावईबापू, लेक माझी, झाड तिचं. मी साखर पाजीन न्हाई तर इख पाजीन." मी म्हणालो, मामी, आत काय चाललंय ते बघावं लागतं. त्या म्हणाल्या, "ते झाड हाय, घड्याळ न्हाई. माझी लेक तुमच्या घरात गेली, तवा कारण हुडकायला भिंग कुठं होतं?" त्यावर मी बोललो, की तुमच्या तीर्थानं तिचं एवढं एक उरलंय तेही जाईल. हे वाक्य त्यांनी तुम्हाला सांगितलं असेल, तर ते बरोबर सांगितलं आहे.

दुसऱ्या दिवशी सरकी काढायच्या जिनात कापूस उतरवून वालूरला रिकामी निघालेली मुंजाजीची गाडी त्यांनी गाठली. मी दुकानातून परतलो तर घरात त्यांचं बोचकं नाही आणि झाडाची पानं साठ.

सोमवार आला, गेला. तीर्थ नाही, साखर नाही, तरी पानं चिकटच. मग मी घड्याळाचं भिंग डोळ्याला लावलं (हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं, हे मला कुणी सांगायची गरज नाही). पानांच्या पाठीवर मावा. कापसावर पडतो तोच; हिरवा, राईच्या दाण्याहून बारीक, मागून गोड थेंब सोडणारा, आणि त्यामागं मुंग्यांची रांग. सेलूच्या बाजारात कुणीही कापूसवाल्यानं हे बसल्या जागी सांगितलं असतं. मी विचारलं नव्हतं.

कडूबाई म्हणाल्या, "तंबाखूचं पाणी मारा, जातंय." किती तंबाखूला किती पाणी, ते त्यांना सांगता येईना, असल्या बेमाप औषधावर माझा भरवसा नाही. लढाईमुळं पेट्रोल कुठं मिळत नाही, पण घड्याळं धुवायला पाव बाटली जपून ठेवली होती. सगळ्यात मऊ ब्रश घेऊन साठही पानं दोन्ही बाजूंनी पुसली. मावा एकूणएक मेला. पानं दुसऱ्या दिवशी उकडल्यागत झाली, मग काळी पडली. आठव्या दिवशी डब्यात माती आणि एक काडी. कडूबाई भिंतीवरून म्हणाल्या, "बंद पडलं का घड्याळजी? किल्ली देऊन बघा की."

लिहिण्याचं कारण इतकंच, की चिकट्याचा आणि तीर्थाचा काही संबंध नव्हता, हे तुम्हाला माहीत असावं. मामींनी परत यावं असं माझं म्हणणं नाही. भाकरी मला येते. (एका बाजूनं येते.) तुमच्याकडच्या थोरांपुढं वाकलो आहे, लहानांच्या डोक्यावर हात ठेवला आहे असं समजावं.

मल्लिकार्जुन

ता. क. मामींची विभूतीची डबी इथंच राहिली आहे. ती वस्तू कुणाच्या हाती पाठवण्यासारखी नाही.

आणखी ता. क. जाताना त्यांच्या पदरात एक पान होतं का, ते त्यांना न कळता बघावं. असलं तर मातीवर नुसतं ठेवायचं, पुरायचं नाही. (हे त्यांना सांगू नका. महानंदा त्यांच्याकडूनच शिकली होती.)

शेवटचा ता. क. पान फुटलं असेल तर रोप एकटं पाठवू नका, गाडीत हलेल. कुणीतरी मांडीवर धरून बसायला हवं. मुंजाजीची गाडी सोमवारी कापूस घेऊन इकडं येते. मी दुकान बंद ठेवून सकाळपासून जिनाच्या फाटकापाशी उभा असेन. डबा घासून, नवी माती भरून ठेवला आहे. गेल्या सोमवारी त्यात मीच दूधसाखर घातली. किती घालायची, ते मात्र मामींना विचारून कळवावं. माझ्याकडं त्याचं माप नाही.