धाकट्याचं पोट

३ मार्च, मंगळवार
जाऊबाईंनी धाकट्याच्या ताटाला मागून नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला! माझ्या पाठच्या भावाच्या ताटाला! म्हणे, "त्या एचआयव्हीचं काही सांगता येत नाही बाई." मी मॅट्रिक आहे. दवाखान्यातलं पत्रक दोनदा वाचलंय — ताटावाटीतून लागत नाही. वाचून दाखवायला गेले तर, "तूच वाच, शहाणे!"

५ मार्च
धाकट्याला दवाखान्यात नेलं. वजन बेचाळीस. गोळ्यांनी विषाणू दबलाय, तरी जुलाब थांबत नाहीत. आहाराच्या बाईंनी समजावलं — शरीराचे कितीतरी पहारेकरी आतड्यात असतात, हा रोग आधी त्यांनाच गाठतो. गोळ्या लागू पडल्या तरी आतडं सावकाश भरून येतं. "ताजं, शिजवलेलं, थोडं थोडं द्या. अंडं द्या."
माझ्या स्वयंपाकघरात अंडं! देवाला हात जोडले आणि उकडलं. भांडं वेगळं घेतलं — अंड्यासाठी, भावासाठी नव्हे!

६ मार्च
पचलं.

९ मार्च, सोमवार
जाऊबाईंच्या चिमीला जुलाब लागले. तीन वर्षांची पोर, मलूल पडलीय. झालं! "लागली ना तुझ्या भावाची लागण!" यांनीही मान डोलावली. शनिवारपर्यंत त्याची दुसरीकडे सोय बघ म्हणे! कुठे? कोण त्याला दर तीन तासांनी ताजं शिजवून घालणार? अंगाचा नुसता तिळपापड झाला. भांडी आदळली — एरवी मी चमचा वाजू देत नाही.
धाकटा म्हणतो, "ताई, भांडू नकोस गं. चिमीला बरं वाटू दे आधी." याला कुणाचा रागच येत नाही! सगळा माझ्याच वाट्याला.

१३ मार्च, शुक्रवार
जाऊबाईंना ओढत त्याच बाईंकडे नेलं. म्हटलं, ऐका त्यांच्याच तोंडून! मंगळवारी दिलेल्या दोघांच्या शौचाच्या तपासणीचे कागद आले होते. बाई म्हणाल्या, "हे एचआयव्हीचं नाही. दोघांच्या पोटात एकच जंतू आहे, पाण्यातला. धडधाकट माणूस पचवतो. लहान पोर आणि तुमचे भाऊ नाही पचवू शकत."
मी ताडकन म्हटलं, "आमच्याकडे पाणी खळखळून उकळतं! मी स्वतः उकळते!"
"मग हे दोघंच काहीतरी वेगळं पितात. आठवून बघा."
जाऊबाईंकडे असं पाहिलं मी, की त्यांनी मान खाली घातली.

१४ मार्च, शनिवार
देवापुढचं पाणी. पूजा झाली की या दोघांच्याच हातावर मीच चमचाभर घालते — एक आजारी, एक लहान, म्हणून. तांब्यात चार-चार दिवसांचं असतं. ओतून टाकायला जीव होत नाही. आणि देवाचं पाणी कुणी उकळतं का!
जाऊबाई बाहेर चिमीला भरवतायत. जाते, सांगते.