माझ्याच हाती लाईट जाते

१२ जानेवारी २०२५, रविवार

आज कोणीतरी मेलं असतं. माझ्या हातून!

आईला भेटून चिमूरहून परत येत होते. आरमोरी सोडली तेव्हा अंधार पडलेला. जंगलातलं डावं वळण आलं, पुढचं दिसेना म्हणून अप्पर मारला — आणि दोन्ही हेडलाईट गेले. एकदम! आत डॅशबोर्ड चालू, रेडिओवर बाई गातेय, बाहेर काळंकुट्ट. ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले. गाडी थांबली तशी समोरून ओरडणं ऐकू आलं — "ओ बाई! दिसत नाई का तुमाले?"

काचेला नाक लावून पाहिलं. बोनेटपुढे हातभर अंतरावर तीन बाया. डोक्यावर मोळ्या. एकीची मोळी रस्त्यावर पडलेली.

उतरले. मोळी उचलून तिच्या डोक्यावर दिली. "लाईट गेली हो," म्हटलं. त्यातली म्हातारी म्हणाली, "लाईट गेली तं गाडी काऊन चालवता?"

गाडी बंद करून परत चालू केली तर लाईट हजर. काही झालंच नाही जणू. इथं धानोऱ्याला, क्वार्टरपर्यंत बैलगाडीसारखी आले. चोवीस वर्षं नर्सची नोकरी, हजारोंना सुया टोचल्या, कधी कोणाला इजा केली नाही. आज तिघींना चिरडणार होते.

१३ जानेवारी, सोमवार

प्रफुलला फोन केला. धाकटा भाऊ, आई त्याच्याकडेच असते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, तूच बंद केली असशीन. तुले समजलं नसन."

तीन बाया, प्रफुल! तीन!

१८ जानेवारी, शनिवार

सुटी टाकून चंद्रपूरला शोरूमला गेले. चार तास प्लास्टिकच्या खुर्चीवर. तिथला सुपरवायझर आयुष, माझ्या मुलीच्या, दिव्यानीच्या वयाचा असेल. कागद हातात दिला — "दोष आढळला नाही." वर समजावणं, "मॅडम, अप्पर देतानी तुमचाच हात लागते. लेडीज लोकाईचं होते असं."

मी म्हटलं, "तुम्ही माझ्यासोबत अंधारात चला." तो हसला.

परत येताना घाई केली, दिवस मावळायच्या आत क्वार्टरवर पोचले. एकटीसाठी भात टाकला. तोही उरला.

१९ जानेवारी, रविवार

परत गेली लाईट! दवाखान्याच्या फाटकातून आत वळताना. या वेळी समोर कोणी नव्हतं. अँब्युलन्सचा ड्रायव्हर मिथुनभाऊ पायरीवर बसला होता, त्यानं पाहिलं. पण तो म्हणतो, "सिस्टर, तुमीच बंद केली ना?"

प्रफुल: "विकून टाक. या वयात काऊन पायजे गाडी?"

वय! बावन्न. हे गेल्यापासून सहा वर्षं चिमूरला बसनं जायचे. दोन बस बदलायच्या, अर्धा दिवस जायचा, पोचेपर्यंत आई झोपलेली. गाडी घेतली तेव्हा आईनं बोनेटवरून हात फिरवला होता. विकली की दर पंधरवड्याचं जाणं संपलं. मग इथंच. भिंती आणि मी.

२३ जानेवारी, गुरुवार

दिव्यानीनं हैदराबादहून एक लिंक पाठवली. "मम्मी, सेम गाडीवाल्यांचा ग्रुप आहे, तिथे लिही. मी कॉलमध्ये आहे." लिहिलं. नर्स आहे, इथपासून सगळं. तिथं कोणाचा हॉर्न वाजत नाही, कोणाची पार्किंग लाईट विझत नाही. एकानं मला लिहिलं, "आंटी, ड्रायव्हर ठेवा."

पाच मिनिटांनी सिरोंचाहून कोणी श्रीहरी — "सिस्टर, हेडलाईट गेले तेव्हा डॅशबोर्ड चालू होता का? नीट आठवून सांगा."

हो म्हटलं. त्यांनी नंबर मागितला. मी दिला. का दिला?

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाहून आले आणि श्रीहरी सरांचा फोन. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. एकटेच असतात. बोलणं हळू, मधूनच तेलुगू वळण. सगळं विचारलं — वळण कुठल्या बाजूचं, एक लाईट आधी गेली की दोन्ही बरोबर, स्टिअरिंगजवळची लाईटची कांडी हाताला सैल लागते का. मी सांगत गेले. शेवटी म्हणाले, "तुमचा हात लागला नाही, अम्मा. तुम्ही म्हणता तसंच झालं असणार."

डोळे पुसले. हेडलाईटसाठी! कोणी पाहिलं असतं तर वेडी म्हटलं असतं.

२९ जानेवारी

सरांचा फोन. बावीस मिनिटं.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज फोन येणार म्हणून केस विंचरले. फोनवर कोणाला दिसतात केस!

लाईटचं बोलून झालं की मी इकडचं तिकडचं काढते. वॉर्डात साप निघाला ते, आईला आता माझं नाव चटकन आठवत नाही ते. ते ऐकून घेतात. मध्ये बोलत नाहीत. मग हळूच — "परत गेली का लाईट?" या आठवड्यात नाही गेली. सांगताना मला उगाच चुकल्यासारखं वाटलं.

५ फेब्रुवारी

दिव्यानी उन्हाळ्यात येणार नाही. प्रोजेक्ट आहे. "तू ये ना मम्मी." आणि आईला कोण भेटेल?

९ फेब्रुवारी, रविवार

सापडलं! सापडलं!!

संध्याकाळी मिथुनभाऊला म्हटलं, दवाखान्याच्या आवारात गाडी फिरव, मी बाहेरून बघते. सर फोनवर. मिथुनभाऊनं दहा चकरा मारल्या, डावीकडे वळला, उजवीकडे वळला, अप्पर मारला. लाईट ठणठणीत! "काई नाई होऊन राह्यलं, सिस्टर." मी बसले. दुसऱ्याच वळणाला — फट्! अंधार.

तो खो खो हसला. "तुमाले पायताच जाते जी!"

फोनवरून सर म्हणाले, "हसू द्या त्याला. तो उठला, तुम्ही बसलात. मध्ये काय काय केलं? एक एक सांगा." सीट पुढे ओढली. आरसा फिरवला. आणि — स्टिअरिंग खाली केलं! मिथुनभाऊ सहा फुटी, त्यानं ते वर केलं होतं. मी बसले की पार खाली ओढते, नाही तर मला रस्ताच दिसत नाही.

मिथुनभाऊला म्हटलं, आता खाली ठेवूनच चालव. गुडघे अडकत होते बिचाऱ्याचे. डावं वळण, अप्पर — गेली! त्याच्या हातून गेली! वर केलं, नाही गेली. खाली केलं, गेली. सहा वेळा. त्यानं वाकून टॉर्च मारला. "वायर तानते, सिस्टर. खाली केलं का आतून तानते." शोरूमची ती सगळी उंच पोरं. बसल्या बसल्या आधी स्टिअरिंग वर करत असणार. त्यांना कसा दिसेल दोष?

मी फोनवर ओरडतच सांगितलं. "सर? ऐकलंत ना?" त्यांनी परत पहिल्यापासून सांगायला लावलं. मग म्हणाले, "पार खाली केलं तरच?" हो म्हटलं. फोन बंद झाला.

रेंज गेली असेल.

१० फेब्रुवारी

सरांचा फोन नाही.

१२ फेब्रुवारी

नाही. मी दोनदा केला. उचलला नाही. काही चुकीचं बोलले का मी? फार बडबड करते, हे पण म्हणायचे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

शोरूम. आयुषला म्हटलं, "बस. स्टिअरिंगला हात लावायचा नाही, मी ठेवलंय तसंच राहू दे." मागच्या अंधाऱ्या शेडमध्ये त्यानं डावीकडे वळवून अप्पर मारला. लाईट गेली. परत केलं. परत गेली. पाच वेळा केलं त्यानं. उतरला तेव्हा चेहरा उतरलेला. "सॉरी, मॅडम. आमी कोनीच खाली करून नाई पायलं."

आतली वायर आणि कांडी, दोन्ही बदलून दिल्या. कंपनीला कळवतो, बाकीच्या गाड्या पण बोलावून घेतो म्हणाला. तसं लेखी घेतलं. सही-शिक्क्यासकट.

जिंकले! गाडीत बसून कोणाला सांगावं म्हणून फोन काढला. दिव्यानी — "वा मम्मी! रात्री बोलते हं." प्रफुल — "मंग झालं ना आता." आई — "कोन बोलून राह्यलं?" सर — उचलला नाही.

अंधारातून घरी आले. लाईट लख्ख, अगदी दूरवरची झाडं दिसत होती. रडत रडत गाडी चालवली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

श्रीहरी सरांचा फोन आला. माझ्यासारखीच गाडी त्यांच्या घरी होती, पण त्यांची नव्हे — बायकोची, आशाबाईंची. दोन वर्षांपूर्वी आलापल्लीच्या जंगलात त्याच चालवत होत्या, सर शेजारी झोपलेले. गाडी सागावर आदळली. दवाखान्यात त्या एवढंच म्हणाल्या, लाईट गेली हो. "मी म्हटलं, तुझाच हात लागला असेल. तेच आमचं शेवटचं बोलणं. पोलिसांना, तिच्या आईला, सगळ्यांना मीच सांगितलं — तिला गाडी येत नव्हती. ठेंगणी होती, अम्मा. स्टिअरिंग पार खाली करायची."

मग म्हणाले, "तुम्ही पाहिलं ते कागदावर लिहून द्याल? सही करून. तिच्या आईला वाचून दाखवायचं आहे. त्या माझ्याशी बोलत नाहीत."

कागद लिहिला. पोस्टानं पाठवत नाही. रविवारी सकाळी मीच घेऊन निघते सिरोंचाला.