घरच्यांची केस घेत नाहीत

लातूर, ५ ऑगस्ट २००१

चि. राजश्रीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

वैष्णवीच्या बारावीसाठी इथं खोली केली खरी, पण आठवडा झाला, पोरगी क्लासला जाईना. विचारलं की भिंतीकडे तोंड करते. तुझे दाजी गावाहून निरोप धाडतात, शिकायचं नसेल तर स्थळं बघतो. तू नांदेडला समाजकार्य शिकवतेस, माणसाला बोलतं कसं करायचं ते तुला ठाऊक. एक रविवार ये. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये तू नुसती बसून राहायचीस, आठ वर्षांची वैष्णवी तुझ्या मांडीवर. तशीच बस. शेंगाची चटणी करून ठेवते. लई वाळलीस म्हणे.

तुझी ताई,
शिवगंगा

नांदेड, १२ ऑगस्ट २००१

ती. ताईस सा. न.

पत्र वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. पण ताई, आमच्यात घरच्यांची केस घेत नाहीत. माया आड येते, दिसायचं ते दिसत नाही. हेच मी वर्गात शिकवते, मीच कसं मोडू? माझी विद्यार्थिनी धम्मप्रिया क्षेत्रकार्यासाठी दर शनिवारी लातूरला येईल. गुणी आहे. वैष्णवीला म्हणावं, तिच्याशी मोकळं बोल. तोवर मी मुद्दाम लांब राहते, तिच्या कामात माझी लुडबुड नको. चटणी तिच्या हाती पाठव. दाजींना म्हणावं, घाई करू नका.

तुझी माया आहे तशीच असू दे.

तुझी,
राजश्री

लातूर, २१ ऑक्टोबर २००१

चि. राजश्रीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

धम्मप्रिया लाखातली पोरगी. एकही शनिवार चुकवला नाही. वैष्णवीनं तिला चहा दिला, वह्या दाखवल्या, पुढं काही नाही. परवा दाजी येऊन वैष्णवीला गावी घेऊन गेले. जळकोटचं स्थळ पक्कं केलंय.

कपडे भरताना पोरगी बोलली. क्लास तिसऱ्या मजल्यावर. तास सुटला की सगळे एकदम उठतात, फरशी हादरते. एकदा ती किंचाळून जिन्याकडे पळाली, पोरं हसली. पुन्हा तिथं पाय टाकवेना. मी विचारलं, बाई, हे धम्मप्रियाताईला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, त्यांना भूकंप पहिल्यापासून सांगावा लागला असता. मावशीला नसता लागला. मावशी येईल म्हणून थांबले होते.

मी दाजींना म्हणाले, खालच्या मजल्यावरचा क्लास शोधू. ते म्हणाले, शब्द गेला. पुन्हा विषय काढला तर ताटावरून उठले. वैष्णवीनं पुस्तकं शेजारच्या मुलीला देऊन टाकली.

दिवाळीनंतर साखरपुडा आहे. वेगळं बोलावणं यायचं नाही, हेच समज. तुझ्यावर राग नाही. पोरगी जाईपर्यंत रोज विचारत होती, मावशी येणार का म्हणून. काय सांगू, ते कळव.

तुझी,
ताई