बोटीतली नववी जागा

२३ ऑगस्ट, शुक्रवार
निर्णय झाला. ईश्वरी बारावीनंतर हार्टवेल युनिव्हर्सिटीत जाणार. अमेरिका. शंभर अर्जांतून सात घेतात. कॅम्पसमध्येच ऐंशी हजार माणसांचं स्टेडियम. आमच्या कॉलेजात टेबल-टेनिसचं टेबल होतं, त्याला जाळी नव्हती.
मी प्लॅनिंग इंजिनिअर आहे. नशिबावर सोडणं जमत नाही. एक्सेल उघडली. आजची शक्यता: ७ टक्के.
लेकीला सांगितलं. ती ‘ओके’ म्हणाली. उत्साह दिसला.

२६ ऑगस्ट, सोमवार
ऑफिसात करक (इथला कतारचा कडक, दुधाळ चहा) पिताना हॅरीकडून महत्त्वाची माहिती. हॅरी वसईचा, माझ्या शेजारच्या क्यूबिकलमध्ये. त्याची मुलगी स्टेफी पोहते, म्हणून तिला अमेरिकेतून कोच लोकांच्या मेल येतात. खेळाडूंची रांगच वेगळी असते म्हणाला. पोहायला काय, सगळ्यांनाच येतं. (मला येत नाही, पण तो मुद्दा नाही.)
अडचण एकच. ईश्वरी कुठलाच खेळ खेळत नाही. लिफ्ट बंद असली तर ती शाळेलाच जात नाही.

३० ऑगस्ट, शुक्रवार
सापडलं. रोइंग. बोट वल्हवणं. आठ मुली वल्ही मारतात आणि नववी समोर बसून त्यांच्यावर ओरडते. तिला कॉक्स म्हणतात. ती स्वतः वल्हं मारत नाही. उंची आणि वजन जितकं कमी तितकं चांगलं. ईश्वरी पाच फुटांना एक इंच कमी आहे. अठरा वर्षं आम्ही उगाच तिला दूध पाजलं नाही.
माझी बायको उल्का म्हणाली, नुसतं बसून दुसऱ्यांना कामाला लावायचं, हा खेळ असेल तर तुम्ही स्वतःच अर्ज करा. दुर्लक्ष केलं.
शक्यता: ३८ टक्के.

१४ सप्टेंबर, शनिवार
रोइंग मशीन आणलं. एक ब्रिटिश कुटुंब देश सोडून चाललं होतं, त्यांचं. जवळजवळ नवं. हॉलमध्ये ठेवल्यावर बाल्कनीचं दार अर्धंच उघडतं. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये ऑलिंपिक खेळ आणायचा तर एवढं होणारच. मशीन मी ओढणार, ईश्वरी समोर बसून हुकूम देणार. रोज सकाळी पाच ते सहा.

१५ सप्टेंबर, रविवार
उद्यापासून.

४ ऑक्टोबर, शुक्रवार
सराव सुरू. आवाज हा प्रश्न आहे. ईश्वरी ‘पुल’ असं म्हणते, ते मला ऐकू येत नाही, म्हणून मी थांबतो, म्हणून ती थांबते. मी तिला पोटातून ओरडायला सांगितलं. ती म्हणाली की तिला कोणावर ओरडायला आवडत नाही. कुठून आलं हे? आमच्याकडे असं कोणी नाही.
मशीनवर टॉवेल वाळत होते. काढले.

१९ ऑक्टोबर, शनिवार
पाण्याची सवय व्हावी म्हणून ईश्वरीला कॉर्निशला, म्हणजे इथल्या समुद्रकिनाऱ्यावर, धो नावाच्या लाकडी बोटीत एक तास बसवलं. दहाव्या मिनिटाला तिला उलटी झाली. शाळेच्या सहलीतही झाली होती म्हणे, मला कोणी सांगितलं नव्हतं. उल्का म्हणते, सांगितलं होतं.
शक्यता कमी केलेली नाही. रोइंग नदीत असतं. नदी शांत असते.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
व्हिडिओ झाला. हार्टवेलच्या रोइंग कोचला पाठवायचा. मी मशीनवर, ईश्वरी समोर. शूटिंगला मोबाइल पुस्तकांवर टेकवलेला, मागे स्वयंपाकघर दिसतं. तिसऱ्या मिनिटाला माझी लय बिघडली, तेव्हा स्वयंपाकघरातून उल्काने फर्मावलं की पाठ सरळ ठेवा, मान वर घ्या, श्वास सोडत ओढा, आणि थांबलात तर बघा. मी चार मिनिटं थांबलो नाही. जन्मात एवढ्या वेगाने वल्हवलं नव्हतं.
मागचा आवाज नंतर कापता येईल. (कसा कापतात ते शौनकला विचारणे. उल्काचा भाचा, पुण्यात असतो.)

९ नोव्हेंबर, शनिवार
वाकता येत नाही. शौनक फोन उचलत नाही. व्हिडिओ तसाच पाठवला.

११ डिसेंबर, बुधवार
कोचचं उत्तर नाही. रविवारी ईश्वरीच्या नावाने अकरावी मेल केली. लीडरशिपवर एक परिच्छेद वाढवला. तिला कळलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. म्हणजे निर्धार आहे पोरीत. हाच गुण कॉक्सला लागतो.
आज बोलली. इथल्याच एज्युकेशन सिटीतल्या एका युनिव्हर्सिटीचा फॉर्म तिने भरलाय, माझ्या कतार आयडीची कॉपी हवी होती. दिली. फॉर्म भरायचा सराव होईल.

३१ डिसेंबर, मंगळवार
हार्टवेलचा अर्ज गेला. सबमिटचं बटण मी दाबलं. पावतीची प्रिंट काढली, दोनदा.
सन ९५ आठवलं. नाशिकहून एसटीने पुण्याला गेलो होतो, कॉलेजच्या बोर्डावर लिस्ट बघायला. वेटिंग लिस्ट, नंबर तीन. बाबा आणि मी बाहेर बाकावर संध्याकाळपर्यंत बसलो, कोणी ॲडमिशन सोडतंय का बघत. कोणी सोडली नाही. परतीच्या प्रवासात बाबांनी उसाचा रस घेऊन दिला. आता ते आठवायचं काही कारण नाही.
शक्यता: ७४ टक्के.

१२ फेब्रुवारी, बुधवार
कोचचं उत्तर. अक्षरशः उडालो. बाई लिहितात की आवाज असामान्य आहे, भाषा कळली नाही, पण ऐकल्यावर त्या स्वतः खुर्चीत ताठ बसल्या. असा अधिकार शिकवून येत नाही. पुढे विचारलंय की स्वयंपाकघरातल्या त्या खेळाडूचं वय काय.
शेवटचं वाक्य घरात कोणाला सांगितलेलं नाही.
शक्यता: ९१ टक्के. हॅरीला ९५ सांगितली.

२८ मार्च, शुक्रवार. पहाटे ५.४०
निकाल लागला. दिलगीर आहोत, असं सुरुवातीलाच लिहिलंय. पुढचं वाचलं नाही.
प्रोजेक्ट मागे पडला की आम्ही बेसलाइन, म्हणजे मूळ वेळापत्रकच, रिव्हाइज करतो, मग तो वेळेवर होतो. इथे काय रिव्हाइज करायचं ते कळेना. मशीनवर बसून राहिलो. ओढलं नाही.

त्याच दिवशी, ११ वाजता
ईश्वरीला कसं सांगायचं याची तयारी करत होतो. तिने रात्रीच बघितलं होतं आणि नंतर छान झोपली होती. एज्युकेशन सिटीतली ॲडमिशन तिला महिन्यापूर्वीच मिळालीये. घराजवळच्या मतार अल कदीम स्टेशनहून मेट्रो, मुशैरिबला बदलायची, रात्री जेवायला घरी. मला सांगायला आली होती म्हणे, तेव्हा मी मशीनला तेल देत होतो आणि तिला नंतर ये म्हणालो.
उल्काने विचारलं की तिला जायचंय का, हे कधी विचारलं होतंत का. एक्सेल उघडून बघितली. एकतीस कॉलम आहेत. हा नाही. टाकला. उशीर झाला, पण नोंद असावी.
नाश्त्याला पोहे होते. ईश्वरी माझ्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली की व्हिडिओत बाबा मस्त वल्हवत होते. मी माझ्या पोह्यांतले शेंगदाणे तिच्या ताटलीत टाकले. पोरगी घरीच राहणार याचा मला इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं. हे इथेच राहू दे.

१८ एप्रिल, शुक्रवार
हॅरी आला होता. ऑफिसांच्या बोटींची शर्यत आहे कॉर्निशला, कुटुंबीयही चालतात. तो टीम जमवतोय. मशीन कशाला पडलंय म्हणून त्याने विचारलं, तर ईश्वरीने त्याला व्हिडिओ दाखवला. पूर्ण, आवाजासकट.
निवड जागेवरच झाली. समोर बसून ओरडायला उल्का. एकमताने. तिने एकदा नको म्हटलं आणि लगेच सरावाची वेळ ठरवली, सकाळी पाच.
वल्हवायला मी नाव दिलं. पोहता येतं का, असा प्रश्न निघाला. बोट पूर्ण भरलीये, त्यामुळे सध्या वेटिंग लिस्टवर आहे. नंबर एक.
सन ९५पेक्षा दोन नंबर वर. शक्यता: ८० टक्के.