दुभाष्या

नागपूर, २ मार्च २०१५

चि. सौ. रेणूस गोवर्धनचे अनेक आशीर्वाद.

डबा आणणाऱ्या दुकानातल्या चुन्नीलालच्या हाती हे पत्र देत आहे. फोनवर आईला मी सगळे ठीक आहे एवढेच सांगतो, आणि तू तर माझ्याशी फोनवर बोलणार नाहीस. लग्नाला सहा वर्षे झाली. भासऱ्यासमोर बोलायचे नाही ही घरची रीत तू इतकी पाळलीस की मला चहा हवा का हेही वीरेंद्रकरवी विचारलेस. माझा धाकटा भाऊ तुझा नवरा कमी आणि आपला दुभाष्या जास्त. आता दुभाष्याच आजारी पडला, म्हणून हा लेखी व्यवहार.

स्वाइन फ्लूने त्याची दोन्ही फुप्फुसे निकामी केली. व्हेंटिलेटर पुरेना, तेव्हा काल एक्मो नावाच्या यंत्रावर घेतले. मांडीतल्या जाड नळीने काळपट रक्त बाहेर येते, यंत्रात त्याला प्राणवायू मिळतो आणि लालभडक होऊन मानेतून परत जाते. तोवर फुप्फुसांना रजा. यंत्र बरे करत नाही, फक्त वेळ मिळवून देते, असे डॉक्टर म्हणाले. जन्मभर शेतातल्या पंपांच्या बंद मोटारी चालवून देणाऱ्या माणसाला आता एक मोटार चालवते आहे! शुद्धीवर आला की आधी तिचे झाकण उघडेल, म्हणून नर्सबाईंना सावध करून ठेवले आहे.

तुला सातवा महिना. या तापाच्या वॉर्डाकडे फिरकू नकोस. पोटातल्या पाहुण्यालाही माझा लोभ कळव.

गोवर्धन

गोरेगाव (जि. गोंदिया), ५ मार्च

ती. भाऊजींना रेणूचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र आईंना वाचून दाखवले. रक्त बाहेर काढतात तिथे मी अडखळले, तर त्या म्हणाल्या, काऊन थांबली, वाच ना. मग विचारू लागल्या, तिथं लाईन गेली तर? इथं तर रोजच जाऊन राहिली. याचे उत्तर नक्की लिहा. मलाही झोप नाही.

दुकानात लोक येऊन आपली मोटार कधी मिळेल विचारतात. मी सांगते, मिस्त्री स्वतःच मोटारीवर आहेत. तुमच्या घरात राहून तेवढे शिकले. पण हे नेहमी म्हणतात, दादा घाबरले की जास्त हसवतात. तुमचे पत्र फार हसवणारे होते, भाऊजी. पुढचे सरळ लिहा.

कानाशी बोललेले यांना ऐकू येते का? येत असेल तर बाळ फार लाथा मारते एवढे सांगा.

तुमच्या मायेवर आमचे चालले आहे, ती राहू द्या.

रेणू

नागपूर, ९ मार्च

चि. सौ. रेणूस आशीर्वाद.

आईला सांग, लाईन गेली तर यंत्राला बॅटरी आहे, आणि तीही गेली तर हाताने फिरवायचा दांडा. बाळाच्या लाथांचे वीरेंद्रच्या कानात सांगितले. भासऱ्याने असले निरोप पोचवावेत असे कुठल्या शास्त्रात आहे, ते मात्र सापडले नाही.

आता सरळ लिहितो. नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून ते पातळ ठेवणारे औषध द्यावेच लागते. परवा त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाने हलत नाहीत. तपासण्या पुन्हा करून डॉक्टर म्हणाले, आता तो परत येणार नाही. यंत्र रक्त फिरवत राहील, अंग कोमट राहील. नखे अजून गुलाबी आहेत, रेणू. मी त्यांच्याकडेच बघत बसतो.

यंत्र लावायला होकार मी दिला होता. थांबवायचे मात्र पत्नीशी बोलून ठरवू म्हणतात. मी सांगितले, आमच्या घरी हिच्याशी बोलायचे तर याच्यामार्फतच बोलावे लागते.

तू नको म्हणालीस तर मी त्यांच्याशी भांडेन. आईला सांगू नकोस. नको, सांग. मला सुचत नाही.

गोवर्धन

गोरेगाव, १० मार्च

ती. भाऊजींना नमस्कार.

गोंदियाच्या डॉक्टरबाईंना विचारले. मास्क लावून, थोडाच वेळ, असे म्हणाल्या. उद्याच्या गाडीने येते. आईंना सांगितले. त्या म्हणाल्या, जा, अन् विचार त्याले, कायले एवढी घाई केली.

मी येईपर्यंत काही बंद करू नका. मी आत आले की तुम्ही रीतीप्रमाणे उठून बाहेर जाल, तेही करू नका. मला एकटीला जमणार नाही.

रेणू

गोरेगाव, २८ एप्रिल

चि. रेणूस आशीर्वाद.

तू माहेरी आमगावला गेलीस आणि घरात आई नि मी, दोघेच कमी ऐकणारे उरलो. तिचे कान कमी झाले आहेत, माझे लक्ष. दुकान चुन्नीलाल उघडतो. शाळेत काल मुलांना कर्मणिप्रयोग शिकवताना मध्येच थांबलो. मुलांना वाटले, सुट्टी झाली.

एक राहून गेले, म्हणून हे पत्र. त्या दिवशी तू खोलीत आलीस, डोक्यावरचा पदर तसाच. मला वाटले, आधी त्याच्याकडे जाशील. तू माझ्याकडे वळलीस आणि विचारलेस की मी जेवलो का. तू माझ्याशी बोललेले पहिले वाक्य. मग त्याचा हात उचलून पोटावर ठेवलास, बराच वेळ ठेवलास, आणि आईचा प्रश्नही विचारलास. त्यानंतर डॉक्टरांना म्हणालीस, आता थांबवा.

तुला उत्तर मी दिले नाही. राग मानू नकोस. उत्तर सांगायला मी सवयीने वीरेंद्रकडे वळलो होतो.

नव्हतो जेवलो. बाळाला घेऊन आलीस की पुन्हा विचार, मोठ्याने, आईलाही ऐकू जाईल असे. लोभ आता थेट माझ्याकडेच पाठवावा, ही विनंती.

गोवर्धन